क्लचचे झाकण आणि तेलाची पातळी

यंत्राच्या मोठ्या बिघाडापुढे माणूस निमूटपणे मान तुकवितो; लहान बिघाड मात्र त्याची परीक्षा पाहतो. इंजिन बसले की गाडी गॅरेजात ढकलून न्यावयाची, हे ठरलेलेच असते. परंतु अंगणात उभी असलेली मोटारसायकल वाऱ्याने वा गुरांच्या धक्क्याने कलंडते, ब्रेकचा दांडा आत वळून इंजिनाच्या बाजूच्या झाकणावर आपटतो, झाकणाला केसाएवढी चीर जाते आणि तिच्यातून तेलाचा थेंब फरशीवर पडू लागतो. गाडी चालू होते, धावतेही. मग मालक स्वतःची समजूत घालतो की एवढ्याशा थेंबाने काय व्हावयाचे आहे! या प्रश्नाचे उत्तर मिळते ते बहुधा पंधरा दिवसांनी, घाटाच्या मध्यावर.

भारतात नोंदणी झालेल्या वाहनांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश वाहने दुचाकी आहेत. त्यांतली सगळीच हौसेची नव्हेत. दूधवाला, पोस्टाची व पार्सलांची ने-आण करणारा, खेड्यातील शिक्षक, रात्रपाळीची परिचारिका, शहरात घरोघर जेवणाचे डबे पोहोचविणारा तरुण, या सर्वांची भाकरी त्या दोन चाकांवर फिरत असते. अशा माणसाच्या दृष्टीने झाकण बदलणे म्हणजे एक दिवसाची मजुरी, झाकणाची किंमत आणि त्यावर एक लिटर नव्या तेलाचा खर्च. हा शेवटचा खर्च पुष्कळदा टाळता येतो. गाडीतले तेल चार दिवसांपूर्वीच घातलेले असेल, तर ते न सांडता, न काढता झाकण बदलता येते. आणि ते कसे, हे समजण्यास पदार्थविज्ञानाच्या शालेय पुस्तकाहून अधिक विद्वत्ता लागत नाही.

प्रथम या झाकणाच्या आत काय असते ते पाहू जाता, तेथे क्लच नावाची एक शांत स्वभावाची यंत्रणा बसलेली आढळते. इंजिन फिरत असते आणि चाक थांबलेले असते. या दोघांची भेट एकदम घडवून आणली तर इंजिन बंद पडेल किंवा गाडी उसळी घेईल. ही भेट हळूहळू घडविण्याचे काम क्लचकडे असते. एका गोल टोपल्यासारख्या भांड्यात चकत्यांची चवड असते. एक चकती घर्षणाचे अस्तर लावलेली, तर दुसरी साध्या पोलादाची, असा त्यांचा क्रम. स्प्रिंगा या चवडीला एकमेकींवर दाबून धरतात, तेव्हा इंजिनाची ताकद गिअरकडे जाते. हँडलवरील डावा लिव्हर दाबला की स्प्रिंगांचा दाब हटतो, चकत्या सैल होतात आणि दोहोंचा संबंध तुटतो. लिव्हर सावकाश सोडताना चकत्या किंचित घसरत घसरत एकमेकींना पकडतात. त्या घसरण्यातून उष्णता निर्माण होते. ती उष्णता वाहून नेण्यासाठी बहुतेक मोटारसायकलींत क्लच तेलात बुडविलेला असतो आणि म्हणून त्याला ओला क्लच असे म्हणतात.

तेव्हा क्लचचे झाकण हे केवळ धूळ अडविणारे आवरण नव्हे. ते तेलाच्या टाकीची एक भिंत आहे. ही भिंत काढावयाची आणि टाकीतले तेल मात्र जागेवर ठेवावयाचे, असा हा सगळा प्रश्न आहे.

या भिंतीमागे कोणते तेल आहे, हे गाडीगाडीवर अवलंबून असते. १९८५ साली हरियाणातील धारूहेडा येथून हिरो होंडाची सीडी १०० ही गाडी बाहेर पडू लागली. तिच्या कुळातील गाड्यांत, तसेच आकुर्डीच्या बजाज कंपनीने २००१ साली बाजारात आणलेल्या पल्सरमध्ये, इंजिन, क्लच आणि गिअर या तिघांचा संसार एकाच तेलावर चालतो. तेल तळाच्या खोलगट भागात साठते, पंप ते वर चढविते आणि काम आटोपून ते पुन्हा तळाशी येते. या गाड्यांचा क्लच उजव्या अंगाला असतो. याउलट, १९५५ मध्ये मद्रास येथे स्थापन झालेल्या एनफील्ड इंडियाच्या जुन्या बुलेटमध्ये क्लच डावीकडे, प्राथमिक साखळीच्या स्वतंत्र पेटीत असे. इंजिनाचे तेल निराळे, गिअरपेटीचे वंगण निराळे आणि साखळी व क्लच यांचे थोडेसे तेल आणखी निराळे, अशी ती तीन चुलींची व्यवस्था होती. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून आलेल्या गाड्यांतही क्लच डावीकडेच; तेथे किक आणि गिअर यांचा दांडाही एकच असे. म्हणून पाना हाती घेण्यापूर्वी पहिला प्रश्न विचारावयाचा तो हा : क्लच कोणत्या अंगाला आहे, आणि झाकणामागचे तेल कुठवर पोहोचलेले आहे?

आता त्या शालेय पुस्तकातील नियमाकडे वळू. भांडे कसेही कलवा, आतील द्रवाचा पृष्ठभाग क्षितिजाशी समांतरच राहतो. तांब्या तिरका धरला तर एका बाजूस पाणी काठाशी येते आणि समोरच्या बाजूस तळ उघडा पडू लागतो. मोटारसायकल हाही एक तांब्याच आहे. ती डावीकडे कलविली की तेल डाव्या भिंतीशी जमते आणि उजव्या झाकणाचा सांधा उघडा पडतो. किती उघडा पडतो, याचेही गणित आहे. इंजिनाच्या मध्यापासून झाकणाचा सांधा १० सेंटिमीटर अंतरावर आहे असे धरले, तर १५ अंशांच्या कलाने त्या सांध्यापाशी तेलाची पातळी सुमारे २.७ सेंटिमीटर खाली जाते; ३० अंशांचा कल दिला तर सुमारे ५.८ सेंटिमीटर. म्हणजे कल दुप्पट केला की लाभ दुपटीहून किंचित अधिकच होतो.

या हिशेबातून एक गोष्ट आपोआप स्पष्ट होते. आपल्याकडील गाड्यांचा साइड स्टँड डाव्या अंगाला असतो. उजवीकडे क्लच असलेली गाडी त्यावर उभी केली की तेल आपसुक झाकणापासून दूर सरकते. जणू कारागिराच्या सोयीसाठीच ही योजना केली असावी! परंतु स्टँडवरचा कल दहापंधरा अंशांचाच असल्याने तो पुष्कळदा अपुरा पडतो आणि झाकण निघताच तळाच्या ओठावरून तेलाची बारीक धार लागते. त्यासाठी कल वाढवावा लागतो. डावीकडे क्लच असलेल्या गाडीला मात्र साइड स्टँड शत्रूसारखा आहे, कारण तो तेल नेमके झाकणाकडेच लोटतो. जुन्या बुलेटची साखळीपेटी तर उथळ. तिच्यात तेल मागे सारण्यास जागा ती किती असणार? तेथे कलविण्याच्या कसरतीत न पडता खाली पसरट परात ठेवून ते थोडेसे तेल स्वच्छपणे काढून घेणे, हाच शहाणपणाचा मार्ग होय.

तेल वाचविता येते म्हणून ते प्रत्येक वेळी वाचवावेच असे मात्र नाही. येथे विवेक करावयास हवा. तेल बदलण्याची वेळ जवळ आली असेल, तर ते काढूनच टाकावे. दोन कामे एका खर्चात होतात. तेल दुधट, कॉफीच्या रंगाचे दिसत असेल तर त्यात पाणी शिरले आहे असे समजावे. पुरातून वा साचलेल्या पाण्यातून गेलेल्या गाडीची ही नेहमीची खूण आहे. असे तेल राखून ठेवणे म्हणजे रोग राखून ठेवणे. त्याचप्रमाणे झाकण फुटून त्याचा तुकडा आत पडला असण्याचा संभव असेल, किंवा तेलात धातूची चकाकणारी कणी दिसत असेल, तर तेल काढलेच पाहिजे. शिवाय तो तुकडा हाती लागेपर्यंत इंजिन एकदाही फिरवू नये. आणखी एक कारण कारागिरांनाच ठाऊक असते. झाकण व इंजिन यांच्या सांध्यात जी कागदी गॅस्केट, म्हणजे ज्याला गॅरेजात ‘पॅकिंग’ म्हणतात ती, असते, ती वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कधीकधी धातूला घट्ट चिकटून बसते. ती खरवडताना तिचे कण आत पडतात. तेल काढलेले असेल तर ते कण पुसून घेता येतात. तेल आत असेल तर ते त्यात बुडतात आणि पुढे पंपाच्या जाळीत जाऊन अडकतात. एक लिटर तेल वाचविण्याच्या नादात इंजिनाचा घसा आवळला जाऊ नये.

ही सारी कारणे नसतील, तेल नवे आणि स्वच्छ असेल, तर कामास लागावयास हरकत नाही. परंतु प्रथम सुटा भाग आणावा, मग गाडी उघडावी. हा क्रम उलटा झाल्याने कित्येक गाड्या आठवडाभर पोट उघडे टाकून बसलेल्या दिसतात. दिल्लीचा करोल बाग, चेन्नईचे पुदुपेट, पुण्याची नाना पेठ अशा ठिकाणी जुन्यानव्या गाड्यांचे भाग मिळतात. पण एकाच नावाच्या गाडीची झाकणे वर्षागणिक बदललेली असतात. म्हणून जुन्या झाकणाचे छायाचित्र, गाडीचे उत्पादनवर्ष व चेसिस क्रमांक बरोबर न्यावा. नव्या झाकणाबरोबर नवे पॅकिंग आणि किकच्या दांड्याभोवतीचे नवे ऑइल सील घ्यावयास विसरू नये. या दोन वस्तू झाकणाच्या मानाने नगण्य किमतीच्या असतात, आणि त्या न घेण्याची शिक्षा मात्र तीच मेहनत पुन्हा करण्याची असते.

इंजिन गरम असताना हे काम करू नये. नुकत्याच थांबलेल्या इंजिनात तेल सर्वत्र पसरलेले असते. अर्धापाऊण तास जाऊ दिला की ते निथळून तळाशी येते आणि हातही भाजत नाहीत. पेट्रोलची टाकी अर्ध्याहून कमी भरलेली असावी. तोटी असलेल्या गाडीची तोटी बंद करावी, कारण गाडी कलली की कार्ब्युरेटरमधून पेट्रोल ओघळू शकते. जुन्या पद्धतीची, आम्लाची बॅटरी असेल तर ती काढून ठेवावी. कलत्या बॅटरीतील आम्ल रंग, कापड आणि कातडी या तिहींचे सारखेच नुकसान करते. आसपास विडी-सिगारेट नसावी, हे सांगावयास नकोच. मग भिंतीशी जुने टायर किंवा वाळूची पोती रचून त्यांवर गाडीचे डावे अंग हलकेच टेकवावे, पुढचा ब्रेक दोरीने हँडलला आवळून ठेवावा, दोन्ही चाकांना विटांची अडण लावावी, आणि हँडलची एक दोरी खिडकीच्या गजाला बांधावी. मोटारसायकल सव्वाशे-दीडशे किलोंची असते. तिच्याखाली सापडलेल्या पायाला नियम ठाऊक नसतात. हे काम एकट्याने करू नये. दुसरा माणूस नुसता उभा असला तरी पुरे. खाली एक परात मात्र ठेवावी, कारण क्लचच्या टोपल्यात आणि झाकणाच्या कपारींत अडकलेले तेल चार थेंबांनी का होईना निथळणारच.

आता प्रत्यक्ष उघडणे. प्रथम झाकणावरचा चिखल व वाळू ब्रशाने आणि फडक्याने पुसून काढावी. बाहेरची घाण आत जाऊ देणे म्हणजे चोराला किल्ली देण्यासारखे आहे. नंतर किकचा दांडा काढावयाचा. काढण्यापूर्वी दांडा व त्याचा आस यांवर खडूने एक रेघ ओढून ठेवली, तर परत बसविताना तो तिरका बसत नाही. वाटेत येत असल्यास फुटरेस्ट आणि ब्रेकचा दांडाही उतरवावा. ज्या गाड्यांत क्लचची वायर झाकणावरील लिव्हरला जोडलेली असते, तेथे ती सैल करून सोडवून घ्यावी.

झाकणाचे बोल्ट एकेक करून पूर्ण काढू नयेत. प्रथम समोरासमोरचे बोल्ट थोडेथोडे सैल करीत एक फेरी पुरी करावी, मग दुसरी. त्यायोगे झाकण एका बाजूने पिळले जात नाही. हे बोल्ट दिसावयास सारखे, पण लांबीला सारखे नसतात. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर तो तळाला टेकतो. पाना सांगतो की बोल्ट आवळला गेला, आणि सांधा सांगतो की नाही. आखूड बोल्ट लांब भोकात गेला तर त्याला तीनचारच आटे पकडतात आणि आवळताना अल्युमिनियमचे आटे उपटून येतात. म्हणून चांगला कारागीर एका पुठ्ठ्यावर झाकणाची बाह्यरेषा काढतो, तिच्यावर भोके पाडतो आणि निघेल तो बोल्ट त्याच्या जागी खोचून ठेवतो. सचिवालयातील उत्तम कारकून सुटे कागद ज्या शिस्तीने फाइलीत लावतो, तीच ही शिस्त. स्मरणशक्तीवर भिस्त ठेवण्यापेक्षा पुठ्ठ्यावर ठेवणे केव्हाही बरे.

सर्व बोल्ट निघाले तरी झाकण बहुधा जागचे हलत नाही. पॅकिंगने ते धरून ठेवलेले असते. येथे अधीर माणूस स्क्रूड्रायव्हर सांध्यात घुसवितो आणि उचकटतो. झाकण निघते खरे. परंतु त्या मऊ धातूवर जो ओरखडा उमटतो, तो पुढे कायमचा गळतीचा पाट होऊन बसतो. त्याऐवजी रबरी हातोड्याने किंवा लाकडी मोगरीने कडेकडेने हलके ठोके द्यावे. सांधा सुटल्याचा आवाज हाताला आणि कानाला एकाच वेळी कळतो. मग झाकण सरळ, स्वतःकडे ओढावे. त्याच वेळी दुसऱ्या हाताचा अंगठा किकच्या आसावर दाबून धरावा, नाहीतर काही गाड्यांत तो आस झाकणाबरोबर बाहेर येतो, त्याची ताणलेली स्प्रिंग सुटते आणि दहा मिनिटांचे काम दुपारभराचे होते. झाकण व इंजिन यांच्या मध्ये दोन लहान पोकळ खुंट्या असतात. झाकण नेमक्या जागी बसविणाऱ्या या डॉवेल पिना कधी इंजिनात राहतात, कधी झाकणाबरोबर जातात. जुने झाकण भंगारात टाकण्यापूर्वी त्या मोजून घ्याव्या.

गाडीचा कल बरोबर असेल तर या क्षणी एक समाधानाचे दृश्य दिसते. क्लचचे टोपले ओले, चकचकीत. त्याच्या खाली, पलीकडच्या भिंतीशी तेलाचा काळसर आरसा स्थिर. आणि अलीकडचा ओठ कोरडा. तेल ओठाशी आलेले दिसले, तर झाकण पुन्हा टेकवून कल थोडा वाढवावा. सीडी १०० च्या कुळातील गाड्यांत याच बाजूस, क्रँकच्या टोकाला, तेलातील गाळ फिरण्याच्या वेगाने बाहेर फेकून अडविणारी एक गोल डबी असते. झाकण उघडलेच आहे तर ती साफ करून घेण्याचा मोह साहजिक आहे, आणि तो आवरण्याचे कारणही नाही; तिच्यातील गाळ मात्र चिंधीवर टिपून बाहेर घ्यावा, आत पडू देऊ नये.

जुने पॅकिंग काढण्यास लोखंडी पाते वापरू नये. लाकडाची किंवा प्लॅस्टिकची पट्टी पुरते. खरवडताना खालच्या ओठाशी स्वच्छ चिंधी अशी खोचावी की कण तीवर पडतील. काम झाल्यावर ती चिंधी आठवणीने बाहेर काढावी, हे लिहिण्याची गरज भासू नये. परंतु गॅरेजवाल्यांचा अनुभव निराळा आहे. दोन्ही पृष्ठभाग कोरडे, गुळगुळीत आणि निर्मळ झाले की नवे पॅकिंग पिनांवर बसवावे. काही कारागीर त्याला शेलॅक लावतात. हा शेलॅक म्हणजे दुसरे काही नसून आपल्याच पळस, बोर आणि कुसुम या झाडांवरच्या लाखेचे रूप होय. त्या लाखेच्या अभ्यासासाठी रांचीजवळ नामकुम येथे १९२४ सालापासून संशोधनसंस्था आहे. नवे पॅकिंग आणि अखंड पृष्ठभाग असतील तर त्याची जरुरी नसते. सिलिकोनचा लेप तर फार जपून लावावा. सांध्याच्या आतल्या बाजूस पिळून निघालेला त्याचा दोरा सुटून तेलाच्या वाटेत अडकतो. बोटभर लेपाने जे काम होत नाही, ते पुसलेल्या पृष्ठभागाने होते.

नव्या झाकणात ऑइल सील बसविताना त्याच्या रबरी ओठाला तेलाचे बोट लावावे, म्हणजे किकचा आस आत जाताना तो दुमडत नाही. झाकण पिनांवर सरळ सरकवावे. ते हाताच्या दाबाने बसले पाहिजे. बसत नसेल तर आत काहीतरी जुळलेले नाही असे समजून परत काढावे. बोल्टांच्या बळाने ओढून बसविण्याचा हट्ट धरल्यास नव्या झाकणालाही जुन्याची गत येते. सर्व बोल्ट प्रथम बोटांनीच फिरवावे, मग समोरासमोर, दोनतीन फेऱ्यांत आवळावे. या ६ मिलिमीटरच्या बोल्टांना सुमारे १० न्यूटन-मीटर, म्हणजे साधारण एक किलोग्रॅम-मीटर, एवढाच पीळ लागतो. दहा सेंटिमीटर लांबीचा पाना असेल तर त्याच्या टोकाला दहा किलोंचा जोर दिला की तो पुरा होतो. हातभर लांब पान्याने आणि सगळ्या दंडाच्या जोराने आवळणे हा सामर्थ्याचा नव्हे, अज्ञानाचा पुरावा होय.

गाडी सरळ उभी केल्यानंतर काम संपले असे नाही. मधल्या स्टँडवर, सपाट जमिनीवर तिला दोनतीन मिनिटे चालवून थांबवावी, तितकाच वेळ वाट पाहावी आणि मगच तेलाची पातळी बघावी. होंडाच्या पद्धतीच्या गाड्यांत मोजदांडी आट्यांत न फिरविता नुसती टेकवून पाहावयाची असते. ती फिरवून पाहिली तर तेल असते त्याहून अधिक दिसते. निथळलेल्या थेंबांची भर घालावी लागली तर तेल मोटारसायकलीचेच असावे आणि डब्यावर ‘जासो एमए’ ही खूण असावी. मोटारगाडीच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये मिसळलेली असतात. इंजिनाला ती मानवतात, पण ओल्या क्लचच्या चकत्या त्यांमुळे घसरू लागतात. क्लचची वायर परत जोडल्यावर लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिलिमीटर मोकळी चाल ठेवावी. ती मुळीच नसेल तर क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो आणि चकत्या झिजतात. ती फार असेल तर क्लच पुरा सुटत नाही आणि गिअर कुरकुरतात. शेवटी सांध्याभोवती कोरडा कागद फिरवावा, गाडी पाच किलोमीटर चालवून आणावी आणि दुसऱ्या कागदाने पुन्हा पाहावे. दोन्ही कागद कोरडे, तर काम पुरे झाले.

एवढे सारे करून वाचले काय? एक लिटरच्या आसपास तेल. पण त्याचा हिशेब केवळ मालकाच्या खिशापुरता नाही. गॅरेजच्या दारात सांडलेले तेल पहिल्या पावसात रस्त्यावर पसरते. रस्ता नुकता ओला झाला की दुचाक्या घसरतात, त्यात धुळीबरोबर या तेलाचाही वाटा असतो. आणि घसरणारा माणूस ते सांडणाऱ्याच्या ओळखीचाही नसतो. तेथून ते गटारात, गटारातून नाल्यात, नाल्यातून नदीत जाते. पाण्यावर त्याचा पापुद्रा अतिशय पातळ पसरतो आणि पाण्याला हवेतील प्राणवायू मिळणे दुष्कर करतो. वापरलेल्या तेलात धातूची झीज आणि ज्वलनाची काजळी मिसळलेली असते, म्हणून त्याचा त्वचेशी वारंवार संबंध येणेही हितावह नाही.

म्हणूनच कायद्याने वापरलेल्या तेलाची गणना धोकादायक कचऱ्यात केली आहे. २०१६ च्या नियमांनी त्याची हाताळणी बांधून दिली, आणि १ एप्रिल २०२४ पासून तेल बनविणाऱ्या व आयात करणाऱ्या कंपन्यांवर वापरलेले तेल परत गोळा करून पुनःप्रक्रियेस देण्याची जबाबदारी आली. हे तेल शुद्ध करून पुन्हा वंगण बनविता येते. म्हणजे जे गटारात जाते ती घाण असते आणि जे डब्यात जाते तो कच्चा माल असतो. परंतु नियम कागदावर असतो आणि परात गॅरेजाच्या फरशीवर असते. या दोहोंमधले अंतर पार करण्याचे काम कोणताही निरीक्षक एकटा करू शकत नाही. काळे तेल आजही बांधकामाच्या फळ्यांना आणि वाळवी लागू नये म्हणून लाकडांना सर्रास फासले जाते. ज्या कारागिराने ते झाकणबंद डब्यात साठवून नोंदणीकृत संकलकाकडे दिले, त्याने नियमाचे पालन तर केलेच, शिवाय आपल्या मुलाच्या खेळण्याची जागाही स्वच्छ ठेवली.

कारागिरी पुष्कळदा बळात शोधली जाते. वस्तुतः ती क्रमात असते. आधी पाहावयाचे, मग मोजावयाचे, मग कलवावयाचे आणि सर्वांत शेवटी उघडावयाचे. तेलाला कोठे जावयाचे आहे हे ज्याने आधी ओळखले, त्याला ते पुसावे लागत नाही.